नीट रिपीटर बॅच, लातूर: एक वर्ष काढून आल्यावरचा रिव्ह्यू

नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागल्यापासून वीसेक जणांनी तरी विचारलं असेल, ताई रिपीट करू का, म्हणजे एक वर्ष थांबून परत परीक्षा देऊ का, आणि केलं तर कुठला क्लास लावू. दरवेळी व्हॉट्सॲपवर तेच तेच टाइप करून अंगठा दुखायला लागला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. क्लासचं नाव टाकणार नाही, विचारू पण नका. मी एकाच ठिकाणी होते, आणि ट्युशन एरियातल्या पोरी चहाच्या टपरीवर जे बोलायच्या त्यावरून सगळीकडे उन्नीस-बीस हेच चालतं. तर हा रिव्ह्यू क्लासचा, टेस्टचा, हॉस्टेलचा, मेसचा, आणि क्लासने वरून सहा हजार घेऊन दिलेल्या त्या काउन्सिलिंग पॅकेजचा, म्हणजे निकालानंतर कॉलेज निवडायच्या मदतीचा. त्या पॅकेजवर मला जरा जास्तच बोलायचंय.

आधी माझे मार्क, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. २०२४ ला ५४८. २०२५ ला ५१७. हो, बरोबर वाचलं, वर्षभर घासून ३१ मार्क कमी पडले आणि तरी सरकारी एमबीबीएसला नंबर लागला. २०२४ ला मार्कांचा पाऊस पडला होता, ६७ जणांना ७२० पैकी ७२०, मग कोर्टकचेऱ्या होऊन सुधारित निकालात ते १७ वर आले. त्या वर्षी ५४८ म्हणजे रँक लाखाच्या कितीतरी पलीकडे. २०२५ ला फिजिक्सने सगळ्यांचाच घाम काढला, पूर्ण देशात पहिल्या आलेल्या मुलालाच ६८६ होते. म्हणून शेजारच्या काकू "अगं कमी पडले की गं" म्हणाल्या तेव्हा मी नुसती हसले. मार्कांवर जाऊ नका, रँक बघा. हे वाक्य पुढे परत येणार आहे कारण ज्यांना पैसे दिले त्यांनाच ते कळलं नव्हतं.

पहिला निकाल ४ जून २०२४ ला लागला. त्याच दिवशी लोकसभेचाही निकाल होता, टीव्हीवर कुठली सीट कोणाकडे ते चाललेलं आणि मी आतल्या खोलीत मोबाईल उलटा ठेवून बसलेली. पप्पा एसटीत कंडक्टर आहेत, त्या दिवशी ड्युटीवर होते, रात्री आले, काही बोलले नाहीत, जेवताना फक्त म्हणाले, बीएएमएसला लागतंय ना, मग बघ तुला काय वाटतं. मला दोन दिवस काहीच वाटत नव्हतं. मग ठरलं, एक वर्ष द्यायचं आणि नाही झालं तर मुकाट बीएएमएस.

आता क्लास. फी ९० हजार, तीन हप्त्यांत. ॲडमिशन घेताना एवढी घाई करतात की विचारू नका. तेव्हा पेपरफुटीचं प्रकरण सुप्रीम कोर्टात चालू होतं, परीक्षा परत होणार का नाही तेच कोणाला माहीत नव्हतं, आणि काउंटरवरचा माणूस पप्पांना सांगतोय की दोन दिवसांत बॅच फुल होतीय, आत्ता टोकन भरा. आम्ही भरलं. बॅच काही फुल वगैरे झाली नव्हती, ऑगस्टपर्यंत पोरं येत होती. कोर्टाने २३ जुलैला सांगितलं की फेरपरीक्षा नाही, तोपर्यंत आमचे तीन चॅप्टर होऊन गेलेले. म्हणून पहिली सूचना हीच, काउंटरवरच्या घाईला भिऊ नका, तुमची रिकामी खुर्ची कुठं पळून जात नाही. आणि बाहेरच्या बॅनरवरचे फोटो मोजत बसू नका. एकाच पोराचा फोटो मी एकाच चौकात दोन वेगवेगळ्या क्लासच्या बॅनरवर बघितलाय. एकात चष्मा होता, एकात नव्हता.

हॉलमध्ये आम्ही दीडशेच्या वर होतो. जुन्या मार्कांवरून बॅच पाडतात, वरच्या बॅचला चांगले सर, खालच्या बॅचला नवीन सर. मी मधल्या बॅचला. बायोच्या मॅडम एक नंबर, एनसीईआरटीचं पुस्तक हातात घेऊन ओळीवर बोट ठेवून शिकवायच्या. आकृतीखालची बारीक ओळ सुद्धा सोडायच्या नाहीत, आणि परीक्षेत तिथूनच येतं हे दोनदा परीक्षा दिल्यावर मी शपथेवर सांगते. केमिस्ट्रीचे सर दिवाळीनंतर दुसऱ्या क्लासला गेले, आम्हाला कुणी सांगितलं पण नाही, एका सोमवारी दुसरेच सर फळ्यापाशी उभे. त्यांनी इनऑरगॅनिक परत पहिल्यापासून काढलं, त्यात तीन आठवडे गेले. फिजिक्सचे सर हुशार होते पण त्यांचा वेग वरच्या बॅचचा.

पण खरं सांगू का, शिकवणं हा रिपीटरसाठी मेन मुद्दाच नाहीये. हे मला ऑक्टोबरपर्यंत कळलं नव्हतं. चॅप्टर सगळे आधी एकदा झालेले असतात, सरांनी पहिलं वाक्य बोललं की दुसरं आपल्याला येतं, आणि त्या येण्याचाच घात होतो. मान हलवत बसतो आपण. सहा-सहा तास मी मान हलवत बसायचे आणि रूमवर येऊन वाटायचं की वा, आज केवढा अभ्यास झाला.

दर रविवारी टेस्ट. दुपारी दोनला, म्हणजे खऱ्या परीक्षेच्याच वेळेला, खऱ्यासारखीच ओएमआर (उत्तराचे गोल काळे करायची शीट), काळा बॉलपेन, पाण्याची बाटली बाहेर. क्लासला जर काही मार्क द्यायचे असतील तर मी या टेस्टना देईन, पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण आन्सर कीमध्ये चुका असायच्या आणि दाखवल्या तर ऑफिसवाल्यांचं तोंड वाकडं व्हायचं. माझे मार्क ऑक्टोबरपर्यंत ५२० ते ५६० मध्येच फिरायचे, चार महिने झाले तरी काडी हलेना. तेव्हा मी डाऊट काउंटरला गेले. तिथं एक तरुण सर बसायचे, स्वतः कधीतरी दोनदा नीट दिलेले आणि शेवटी बीएस्सीला गेलेले. मी म्हणलं सर माझं फिजिक्स कच्चं आहे, कुठून वाचू. त्यांनी माझा पेपर घेतला, चुकलेल्या एका बायोच्या प्रश्नावर हात झाकून ठेवला आणि विचारलं, यात काय विचारलं होतं? मी घडाघडा सांगितलं, पचनसंस्थेतलं होतं, अमुक एन्झाइम तमुक ठिकाणी. त्यांनी हात काढला. प्रश्नात होतं खालीलपैकी कोणतं विधान इनकरेक्ट आहे. मी करेक्टवाला पर्याय काळा केला होता. दुसरा प्रश्न, तेच. मॅच द फॉलोइंगचा एक, त्यात मी पहिली जोडी जुळली की बाकी न बघता गोल भरलेला. सर म्हणाले, तुझं फिजिक्स कच्चं आहे ते आहेच, पण तू ज्याच्यात पक्की आहेस तिथंच मार्क सांडतेस, आधी तिथं बूच लाव.

त्या रात्री मी मागच्या तीन टेस्ट काढून बसले. साठ रुपयांची एक दोनशे पानी वही आणली, तीन रकाने पाडले. आलं नाही, येत होतं पण चुकलं, आणि तुक्का. तीन टेस्ट मिळून बायोमध्ये २७ चुका निघाल्या, त्यातल्या १४ मधल्या रकान्यात. आता हिशोब करा, बरोबर आलं तर चार, चुकलं तर वजा एक, म्हणजे येणारा प्रश्न चुकवला की पाच मार्कांचा फरक. चौदा पंचे सत्तर, तीन टेस्टमध्ये. दर टेस्टला तेवीस मार्क मी फक्त नीट न वाचल्यामुळे घालवत होते आणि वर नव्वद हजार भरून तेच चॅप्टर तिसऱ्यांदा ऐकत होते. तुक्क्याचा रकाना तर बघवत नव्हता, फिजिक्समध्ये दहा तुक्के मारले की दोन लागायचे. दोन लागले म्हणजे आठ, आठ चुकले म्हणजे वजा आठ, हातात भोपळा. आणि त्या दहा प्रश्नांवर गेलेली वीस मिनिटं वेगळीच.

त्यानंतर मी रोज सकाळचं एक लेक्चर बुडवायला लागले. क्लासला ते आवडत नाही, बायोमेट्रिक नाही झालं की पप्पांच्या मोबाईलवर मेसेज जातो "आपला पाल्य आज अनुपस्थित आहे". पप्पा बिचारे पहिल्यांदा बसमधूनच फोन करून घाबरून विचारायला लागले, बरी आहेस ना गं. त्यांना वही दाखवली रविवारी आले तेव्हा. त्यांना बायो कळत नाही पण रोज तिकिटांचा हिशोब लावणारा माणूस आहे, त्यांना रकाने लगेच कळले. म्हणाले, म्हणजे पैसे गोळा होतायत पण पेटीत जात नाहीत. बरोबर तेच.

जानेवारीत अजून एक झालं. परीक्षा घेणाऱ्यांनी जाहीर केलं की पर्यायी प्रश्न बंद, आता २०० पैकी १८० सोडवायचे असं नाही, सरळ १८० प्रश्न आणि १८० मिनिटं. आधी तीन तास वीस मिनिटं असायची. आमची सगळी सवय जुन्या पद्धतीची, बी सेक्शनमध्ये पंधरातले दहा निवडायचे, अवघड दिसलं की सोडून द्यायचं. ते पण गेलं आणि वीस मिनिटं पण गेली. इथे मात्र क्लासचं कौतुक, पंधरा दिवसांत त्यांनी नवीन पॅटर्नचे पेपर काढले. घरी एकटीने अभ्यास करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मार्चपर्यंत जुनेच पेपर सोडवावे लागले. मी बायो ५० मिनिटांत संपवायचं ठरवलं, मग केमिस्ट्री, शेवटी फिजिक्स, आणि ओएमआरचे गोल शेवटी एकदम भरायचे नाहीत, पान संपलं की त्या पानाचे भरायचे. हे एवढंसं वाटतं पण आमच्या बॅचमधली एक पोरगी फेब्रुवारीतल्या टेस्टला एक गोल सोडून पुढचे सगळे एक नंबर सरकवून आली होती, हॉलबाहेर येऊन आन्सर कीशी ताडताना तिला कळलं. नशीब ती टेस्ट होती.

राहण्याबद्दल. हॉस्टेल औसा रोडच्या बाजूला, तीन जणींची रूम, महिना साडेचार हजार. पाणी दोन वेळा, ठरलेल्या वेळेला. लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं हे तिथली काकू रोज ऐकवायची, आंघोळीला दोन बादल्या घेतल्या की. कॉट करकरायची, भिंतीला ओल होती, पण बाथरूम साफ असायचं आणि रात्री गेट खरंच बंद व्हायचं, म्हणून घरचे निवांत. पाचपैकी तीन. मेस तीन हजार महिना, वरण पातळ म्हणजे किती पातळ तर ताटाची नक्षी दिसायची. नोव्हेंबरमध्ये मला टायफॉइड झाला, मेसच्या पाण्यामुळेच झाला असं मी म्हणत नाही, पण रूममधल्या दुसरीलाही झाला. सोळा दिवस घरी. परत आल्यावर एका मावशींचा घरगुती डबा लावला, चारशे रुपये जास्त पण भाकरी गरम. चारशे वाचवायला जाऊ नका, सोळा दिवस फार महाग पडतात.

आणि अभ्यासिका. आठशे रुपये महिना, लाकडी पार्टिशन, एक प्लग, एक ट्यूबलाइट, मोबाईल बाहेर लॉकरमध्ये. वर्षभरात खर्च केलेल्या पैशांत सगळ्यात वसूल झाले ते हे आठशे आणि वहीचे साठ. माझ्या शेजारच्या खुर्चीत एमपीएससीवाला दादा बसायचा, त्याचा पाचवा की सहावा प्रयत्न होता. कधी बोललो नाही आम्ही, फक्त संध्याकाळी सात वाजता तो उठला की मी पण उठायचे, चहा प्यायला.

४ मे २०२५, माझं सेंटर नांदेड. बायो ठरल्याप्रमाणे. केमिस्ट्रीने वेळ खाल्ला. फिजिक्स उघडलं आणि पहिले सहा प्रश्न वाचून मला वाटलं चुकून दुसरा पेपर आला की काय. मागे कुणीतरी हुंदके द्यायला लागलं. मी फक्त २८ सोडवले, २१ बरोबर आले, ७ चुकले, ७७ मार्क. आदल्या वर्षी फिजिक्समध्येच १२५ होते मला. पण बायो २९० वरून ३२२ वर गेलं. १७ प्रश्नांना हात लावला नाही, वर्षाआधीची मी असते तर ते सगळे ठोकून आले असते.

आता ते काउन्सिलिंग पॅकेज. पाचपैकी शून्य देता येत असेल तर शून्य. १४ जूनला निकाल लागला, पप्पा आणि मी ऑफिसला गेलो. तिथल्या माणसाने कॉम्प्युटरवर ५१७ टाकले आणि म्हणाला, ओबीसीतून सरकारी अवघड आहे, प्रायव्हेट बघा, बजेट किती आहे तुमचं. पप्पांचा चेहरा मला अजून आठवतो. गाडीत बसेपर्यंत ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले, गावाकडचं अर्धा एकर आहे आपलं. रात्रभर झोप नाही. सकाळी माझ्या डोक्यात आलं की हा माणूस मागच्या वर्षीच्या कटऑफशी यंदाचे मार्क ताडतोय. मागच्या वर्षी कुठल्या मार्काला कुठपर्यंत रँक होती आणि त्या रँकला कुठलं कॉलेज मिळालं, ती यादी काढली, माझी रँक तिथं लावली, तर मी सरकारीमध्ये बरीच आत बसत होते. एका वहीत अर्ध्या तासाचं काम. सहा हजार घेणाऱ्याला तेवढं जमलं नाही, का प्रायव्हेटकडे पाठवण्यात त्याचं काही होतं, देव जाणे.

कागदपत्रांचं तर त्यांनी एका शब्दाने सांगितलं नव्हतं, आणि रिपीटच्या वर्षात करायचं खरं काम हे आहे. जातीचा दाखला असून चालत नाही, व्हॅलिडिटी लागते, आणि जात पडताळणी समितीकडे फाइल महिनोन्महिने पडून राहते, तर ती जुलै-ऑगस्टमध्येच टाकून द्या, निकालानंतर नाही. नॉन क्रिमीलेअर पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं लागतं, जुनं चालत नाही. आणि सरकारी कॉलेजातल्या ज्या १५ टक्के सीट पूर्ण देशातल्या मुलांमधून भरतात, त्या ऑल इंडियाच्या सीटसाठी फॉर्म भरायचा असेल तर ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात वेगळा काढावा लागतो, राज्याच्या ८५ टक्क्यांना चालतो तो तिथं चालत नाही. हे मला सेतू केंद्रातल्या पोराने सांगितलं, त्याने वीस रुपयेसुद्धा जास्त घेतले नाहीत. गॅपचं ॲफिडेव्हिट, म्हणजे मधल्या रिकाम्या वर्षाचं प्रतिज्ञापत्र, आमच्या कॉलेजने मागितलं, ते करून ठेवा. पसंतीक्रम भरताना ज्या कॉलेजला खरंच जायचंय ते वर टाका, मिळणार नाही वाटलं तरी वर टाका. खालचं कॉलेज वर टाकलं आणि तिथं नंबर लागला तर त्याच्या खालच्यांचा विचारच होत नाही, मग रडून उपयोग नाही. त्या ऑफिसने बनवून दिलेल्या यादीत नवीन निघालेली सरकारी कॉलेजं नव्हतीच. २०२४ ला राज्यात दहा नवीन सरकारी कॉलेजं सुरू झाली, जालना, हिंगोली, वाशीम, बुलढाणा वगैरे, आणि हे महाशय जुनीच यादी झेरॉक्स मारून देतायत. ती फाडून आम्ही घरी स्वतः बनवली, पप्पांनी कुठल्या गावाला कुठून गाडी आहे त्याप्रमाणे बाजूला खुणा केल्या. प्रवेशाच्या दुसऱ्या राउंडला नंबर लागला.

तर क्लास लावू का? पहिल्या वेळी चारशेच्या आत असाल आणि चॅप्टरच झाले नसतील तर लावा, शिकवणं वाईट नाहीये. पाचशेच्या वर अडकला असाल तर फक्त टेस्ट सिरीज विचारा, बरेच क्लास वेगळी देतात, पाच-दहा हजारांत होते, काउंटरवर आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं. उरलेल्या पैशात अभ्यासिका आणि बरा डबा. घरी शांतता असेल तर लातूरला यायची पण गरज नाही. माझ्या घरी नव्हती, दोन खोल्या आणि आजीचा टीव्ही. आणि रिपीटला वर्षांची मर्यादा नाही, वयाची वरची अट पण २०२२ ला गेली, म्हणून लोक तीन-तीन चार-चार वर्षं घालतात. ते तुमचं तुम्ही बघा, मला तर दुसरं वर्षच जड गेलं.

मॉड्यूलचे, म्हणजे क्लासच्या पुस्तकांचे, दोन खोके गंगाखेडला घरी पडलेत, कोणाला पाहिजे असतील तर येऊन घेऊन जा, पैसे नकोत. फिजिक्सचा तिसरा भाग नाहीये, तो रूममेट घेऊन गेली, ती परत बसतेय यंदा. वही देणार नाही.